पणजोबा त्या दिवशी बिलोलीला होते

माणूस मरतो, त्याची जमीन वाटली जाते, त्याच्या फोटोला वाळवी लागते. पण त्याच्यावर चाललेला फौजदारी खटला मात्र मरत नाही. तो लाल कापडात गुंडाळून मांडणीवर ठेवलेला असतो आणि कुणीच हात लावत नसल्यामुळं दीर्घायुषी होतो. हे सत्य लातूरकरांना अलीकडंच उमगलं, आणि शहराच्या सांस्कृतिक जीवनाला त्यानं चांगलंच वळण लावलं.

विचार करून पाहा. सज्जन माणसाची कागदोपत्री फार आबाळ होते. तो जन्मतो, राबतो, लेकरांची लग्नं लावतो आणि निघून जातो; सरकारला त्याचा थांगपत्ता लागत नाही. याउलट ज्यानं शेजाऱ्याची म्हैस परस्पर हलवली, त्याचं नाव, बापाचं नाव, वय, पेशा, डाव्या भुवईवरचा व्रण आणि ‘म्हैस आपणहून माझ्या मागं आली’ हे त्याचं स्वतःचं वाक्य निजामाच्या फौजदारी अदालतीनं सुवाच्य उर्दूत टिपून ठेवलं. तेव्हा पूर्वज सापडायचा असेल तर तो फौजदारीतच सापडतो. (दिवाणीतही सापडतो, पण तिथं तो अजून भांडत असतो.)

ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती राजशेखर सरांनी. सरांचे मेडिकल प्रवेश परीक्षेचे क्लासेस आहेत. ज्या पद्धतीनं मुलं डॉक्टर होतात त्याच पद्धतीनं पूर्वज का सापडू नयेत, असा प्रश्न त्यांना पडला आणि पूर्वजशोध मंडळ स्थापन झालं. आजोबांचं नाव ठाऊक असणाऱ्यांसाठी नियमित बॅच, बापाच्या पलीकडं काहीच ठाऊक नसणाऱ्यांसाठी फाउंडेशन बॅच, आणि पहिल्या फेरीत कुणीच गुन्हेगार न निघालेल्या दुर्दैवी कुटुंबांसाठी रिपीटर बॅच. ‘घर तिथं एक आरोपी’ हे मंडळाचं ब्रीद आहे.

वर्षाच्या आत त्याचे परिणाम दिसू लागले. दरोडा घालणाऱ्यांचे वंशज मंडळाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसू लागले (घोड्यावरून घातला असल्यास सोफ्यावर). त्यांच्या मागं बांधावरून डोकं फोडणाऱ्यांचे वंशज. हा गुन्हा घरंदाज मानला जातो, कारण घरात जमीन होती हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. त्यामागं म्हैसचोर, त्यामागं शेळीचोर. कोंबडीचोरांच्या वंशजांना आणखी दोन पिढ्या मागं जाऊन बघा, असं आपुलकीनं सुचवलं जातं. लग्नाच्या बायोडाटावर ‘पणजोबा: सहा वर्षं सक्तमजुरी, निर्व्यसनी’ अशी ओळ आली आणि पुष्कळ अडलेल्या मुलींचं त्यामुळं जमलं.

या सगळ्यात कुचंबणा झाली ती उमाशंकर चिंचदरे यांची. गंजगोलाईमागच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. माणूस सरळ. कुकरची शिट्टीसुद्धा गिऱ्हाईकासमोर वाजवून देणारा. असल्या माणसाच्या घराण्यात काही सापडेल अशी आशा कुणालाच नव्हती. रिपीटर बॅचच्या शेवटच्या बाकावर बसून ते दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या शिक्षा ऐकायचे आणि टाळ्या वाजवायचे. मंडळाचा वार्षिक मेळावा जवळ आला होता, तिथं पूर्वज सापडलेल्यांना फेटे बांधून स्टेजवर बसवणार होते. आपल्याला फेटा नाही या विचारानं उमाशंकरांना खरोखरच वाईट वाटत होतं. हसण्यासारखं त्यात काही नाही; फेटा सगळ्यांनाच हवा असतो.

(याच सुमारास उमाशंकरांना न्यायालयाचा एक कागद आला होता. तो चालू काळातला असल्यामुळं त्याला ऐतिहासिक मूल्य नाही, म्हणून इथं कंसातच उरकतो. त्यांच्या दुकानासमोर कस्तुराबाई नावाची बाई भाजलेल्या शेंगांचा गाडा लावायची. दिवाळीआधीच्या एका दुपारी, ऐन गर्दीत, प्रेम नावाच्या तरुणानं गल्लीत जीप घातली, दोनदा हॉर्न वाजवला आणि कस्तुराबाई वाकून निखाऱ्याची पाटी उचलत असतानाच जीप पुढं काढली. गाडा गेला, बाईचा पाय दोन ठिकाणी मोडला. तिची पाठ असल्यामुळं जीप कोण चालवत होतं ते तिनं पाहिलं नाही. प्रेम हा माजी नगरसेवकाचा पुतण्या. जीप आपली, पण चालवणारा आपण नव्हे, असं त्याचं म्हणणं. चौकातला कॅमेरा त्या दिवशी दुरुस्तीला बाहेरगावी गेला होता. उमाशंकर दुकानाच्या उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, आणि रागाच्या भरात हवालदाराला तसा जबाबही देऊन बसले. आता न्यायालयानं साक्षीला बोलावलं होतं. बाईचा सगळा खटला या एका माणसाच्या तोंडावर उभा होता. असो.)

चिंचदऱ्यांचं मूळ गाव लोह्याजवळचं चिंचदरी. त्या भागाच्या जुन्या मिसली, म्हणजे खटल्यांच्या फायली, नांदेडला एका रेकॉर्ड रूममध्ये आहेत, असं सरांनी सांगितलं. उमाशंकरांनी दुकान पोरीवर, शिवानीवर, सोपवलं आणि नांदेडच्या चकरा सुरू केल्या. उर्दू वाचायला खाजामियाँ नावाचे निवृत्त मास्तर मिळाले. ते चष्मा कपाळावर ठेवून वाचत आणि वाचून झालं की डोळ्यांवर घेत.

आरोपींच्या यादीत चिंचदरे नव्हते. कैद्यांत नव्हते. फरारींत तर नव्हतेच. उमाशंकर खचले होते. तेवढ्यात एका खुनाच्या मिसलीत खाजामियाँचं बोट थांबलं.

“शिवमूर्ती वल्द बसप्पा, पेशा दुकानदारी, साकिन चिंचदरी. तुमचेच ना?”

उमाशंकर उभेच राहिले. शिवमूर्ती म्हणजे सख्खे पणजोबा. “कुनाला मारलं त्यांनी?”

“मारे नई साब. गवाह हैं.”

गवाह, म्हणजे साक्षीदार. दरोडेखोराच्या तुलनेत हे कमी होतं, पण शेळीचोराच्या वर बसायला हरकत नव्हती. “मग काय पाहिलं त्यांनी?”

खाजामियाँनी पान उलटलं, सुलटलं, चष्मा खाली घेतला. “कुच नई देखे. उस दिन वो गांव में नई थे. बिलोलीकू गये थे. साले की शादी थी बोले.”

पुढच्या आठ दिवसांत शिवमूर्ती आणखी सापडत गेले. विहिरीवरच्या हाणामारीत ते साक्षीदार होते. त्या दिवशी ते लोह्याच्या बाजाराला बैल बघायला गेले होते. (बैल पसंत पडला नाही.) कडब्याची गंज पेटवल्याच्या खटल्यात साक्षीदार होते, तेव्हा ते इस्लापूरला, सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली अंघोळीला गेले होते. गंज पेटली ती ऐन चैत्रात, जेव्हा धबधब्याला पाणी नसतं. पण पणजोबांची श्रद्धा मोठी असावी. दरवेळी मिसलीतलं त्यांचं नाव येताच खाजामियाँ आधीच मान हलवायचे. “यां भी नई थे साब.”

हे सगळं उमाशंकरांनी मंडळापुढं ठेवलं, तेव्हा राजशेखर सरांच्या संशोधक वृत्तीला पंख फुटले. त्यांनी रिपीटर बॅचला कामाला लावलं आणि निजामकाळातल्या साक्षींची पाहणी करून निष्कर्ष काढला: त्या काळच्या शंभर साक्षीदारांपैकी ब्याण्णव घटनेच्या दिवशी बाहेरगावी होते, पाच तापानं फणफणले होते, दोघांना दिसत नव्हतं आणि एक जण हजर होता, पण तो पुढं वेडा झाला. म्हणजे खुनाच्या दिवशी गावात साधारण दोनच माणसं असत, मारणारा आणि मरणारा. आणि आरोपीचा जबाब खरा धरला तर मारणारासुद्धा नसे. दळणवळणाची काही सोय नसताना मराठवाड्यातला माणूस इतका प्रवास करत होता, ही गोष्ट आजवर इतिहासकारांच्या नजरेतून निसटली होती. सरांनी शिवमूर्तींना ‘आद्य प्रवासी’ ही पदवी दिली. रेकॉर्डच्या आधारे त्यांच्या भ्रमंतीचा नकाशाही छापून घेतला.

याहून मोठा शोध पुढंच होता. पणजोबा मेहुण्याच्या लग्नाला बिलोलीला गेले, म्हणजे बिलोलीत मेहुणा होता. मेहुणा होता म्हणजे त्याचा वंश असणार. उमाशंकरांना आजवर न कळलेले सोयरे बिलोलीत नांदत होते!

“बिलोलीत आपलं कुनी न्हाई,” मंजुश्रीबाई म्हणाल्या. या उमाशंकरांच्या पत्नी. त्या मंडळाच्या सभासद नाहीत. “आत्याबाई असत्या तर त्यांनी सांगितलं नसतं व्हय? पंजोबाची बायको तर निलंग्याकडची.”

“अदालतीत लिहिलंय.”

“आन् कस्तुराबाईच्या कोर्टाचं काय? ती गल्लीत बसून इचारून राहिली, अप्पा साक्षीला येतेत न्हवं म्हणून. तुमी तिकडं मेलेल्यांची चौकशी करून राहिले.”

“जाणार हाय की. आधी बिलोली तर होऊ दे.”

(कस्तुराबाईचं प्लास्टर निघालं होतं. पाय बोटभर आखूड झाला होता. नव्या गाड्याची जुळणी झालेली नसल्यानं ती गोणपाटावर बसून शेंगा विकत होती.)

बिलोलीला जाऊन उमाशंकरांनी आपल्या पंथाच्या जुन्या घराण्यांची चौकशी केली आणि विरूपाक्ष अप्पांच्या ओसरीवर पोचले. विरूपाक्ष अप्पा हे सत्तरीचे कापड दुकानदार. चिंचदरी हे नाव ऐकताच ते ताडकन उठले, आतून एक झेरॉक्स घेऊन आले आणि म्हणाले, “आवो, मी तुमालाच हुडकून राहिलो की!”

झालं होतं असं, की चिंचदरीत खून झाला त्याच आठवड्यात बिलोलीत एक दरोडा पडला होता. त्या दरोड्यात अप्पांचे पणजोबा साक्षीदार होते. ते त्या दिवशी बिलोलीत नव्हते. ते चिंचदरीला लग्नाला गेले होते.

दोन्ही घराणी एकमेकांच्या लग्नाला गेली होती, आणि दोन्हीकडं नेमके यजमानच घरी नव्हते. कुणी क्षुद्र मनाचा माणूस इथं शंका काढेल. सरांनी फोनवरून तत्काळ उलगडा केला: हे साटंलोटं होतं. यांची बहीण त्यांना, त्यांची बहीण यांना. वऱ्हाडं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. हे ऐकून विरूपाक्ष अप्पांना रडू कोसळलं. उमाशंकरांनाही कोसळलं. टॉवेल-टोपी झाली, चोळीखण झाला, हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण झालं, सगळ्यांचा मिळून फोटो निघाला. आजमितीला मंडळाच्या प्रयत्नांतून अशी कितीतरी घराणी सोयरी झाली आहेत. त्यांतल्या कुणाचंही कुणाशी रक्ताचं नातं नाही, म्हणून सगळं गोडीत चाललं आहे.

“सोयरे सापडले म्हना,” फोटो बघून मंजुश्रीबाई एवढंच म्हणाल्या. “गल्लीतली बाई तेवढी न्हाई सापडली तुमाला.”

मेळाव्यात ‘आद्य प्रवाशा’चा फेटा मिळणार हे नक्की झालं. फक्त पहिल्या, म्हणजे खुनाच्या मिसलीची पूर्ण नक्कल जोडायची होती. त्यासाठी उमाशंकर शेवटचे नांदेडला गेले. खाजामियाँ पान-पान वाचत होते आणि उमाशंकर मराठीत उतरवून घेत होते. पणजोबांची साक्ष झाली. मग एका बाईची जबानी आली. नीलम्मा, मयताची बायको, वय अंदाजे पंचवीस.

खाजामियाँ वाचता वाचता सावकाश झाले. नीलम्माचं म्हणणं असं होतं:

‘देशमुखाच्या माणसांनी माझ्या धन्याला दुकानासमोर पाडलं. शिवमूर्ती अप्पा दुकानाच्या पायरीवर होते. त्यांच्या हातात गुळाची ढेप होती. मी अप्पा म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ढेप घेऊन आत गेले आणि कडी लावली. कडीचा आवाज मी ऐकला.’

खाली निकाल होता. साक्षीअभावी आरोपी निर्दोष.

उमाशंकरांची लेखणी थांबली. नव्वद वर्षांपूर्वीची बाई, तिचं कुणी राहिलंय की नाही तेही ठाऊक नाही, पण लाज वाटायची ती त्यांना लख्ख वाटली. बिलोली नव्हती, मेहुणा नव्हता, बैल नव्हता, धबधबा नव्हता. एक पायरी होती आणि तिच्यावर पणजोबा होते.

“ये भी लिखते क्या साब?” खाजामियाँनी विचारलं.

“लिवतो.”

लातूरला आल्यावर त्यांनी ते पान जसंच्या तसं सरांपुढं ठेवलं. आता फेटा जाणार, सोयरे जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि उमाशंकरांच्या पाठीवर थाप मारली. “अहो, हे तर उत्तमच! हातात गुळाची ढेप. म्हणजे गुळाचा व्यापार होता. दाराला कडी. म्हणजे घर पक्कं होतं. आर्थिक स्थितीचा इतका स्वच्छ पुरावा मंडळाकडं दुसऱ्या कुणाचाच नाही.”

“पण ते गावातच होते, सर.”

“त्या बाईच्या म्हणण्यानुसार. अदालतीनं ते मानलं का? नाही मानलं. आपण अदालतीच्या वर आहोत का?”

मेळाव्यात फेटा बांधला गेला. दरोडेखोराच्या वंशजानं सोफ्यावर जरा सरकून जागा दिली. विरूपाक्ष अप्पा सहकुटुंब आले होते. उमाशंकर फोटोत हसताना दिसतात.

दुसऱ्याच सोमवारी कस्तुराबाईच्या खटल्याची तारीख होती. उमाशंकर खरं बोलायचं ठरवूनच घरून निघाले होते, हे इथं नमूद करणं भाग आहे. जाताना त्यांनी मंजुश्रीबाईंना तसं सांगितलंही. मंजुश्रीबाईंनी त्यांना दही-साखर दिली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच त्या हसून बोलल्या.

न्यायालयात माजी नगरसेवक पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी उमाशंकरांना नमस्कार केला. धमकी नाही, डोळे वटारणं नाही, साधा नमस्कार. त्यांच्या महाप्रसादाची सगळी पातेली उमाशंकरांच्याच दुकानातून जायची. मागं भिंतीला टेकून कस्तुराबाई उभी होती, काखेत काठी घेऊन. उमाशंकर पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, “घटनेच्या वेळी आपण कुठं होता?”

“बिलोलीला,” उमाशंकर म्हणाले. “लग्न होतं.”

ते कसं निघालं, हे त्यांनाही कळलं नाही. जीभ जराही अडखळली नाही. सरकारी वकिलांनी आधीचा जबाब दाखवला, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं, उलटसुलट विचारलं. पण बिलोलीतल्या लग्नाचं वर्णन उमाशंकरांना अगदी बारकाव्यानं करता आलं. हुग्गी होती. टॉवेल-टोपी झाली होती. सगळ्यांचा मिळून फोटोसुद्धा होता. कुणाचं लग्न, यावर त्यांनी सोयऱ्यांचं नाव सांगितलं. आणि विरूपाक्ष अप्पा काय, बोलावलं असतं तर धावत आले असते.

“मग मला उचलून रिक्षात कुनी घातलं, अप्पा?” मागून आवाज आला. “तुमच्या सदऱ्याला रगत लागलं व्हतं माझं.”

न्यायाधीशांनी तिला शांत राहायला सांगितलं. ती त्या वेळी शपथेवर नसल्यामुळं हे वाक्य टाइप झालं नाही. निजामाच्या अदालतीला बाईचं बोलणं लिहून घ्यायची खोड होती. आता कामकाज पुष्कळ नेटकं झालं आहे. प्रेम संशयाचा फायदा मिळून सुटला. पिंजऱ्यातून उतरताना उमाशंकरांना लाज वाटली, हे खरं. सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते जास्त वाटलं, हेही खरं. मंजुश्रीबाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. रोज थोडा वेळ दुकानातून उठून त्या कस्तुराबाईच्या गोणपाटावर जाऊन बसतात.

आता उमाशंकरांना नावं ठेवायला तुमची जीभ वळवळत असेल. जरूर ठेवा. मात्र त्या दुपारी गल्लीत निदान दोनशे माणसं होती, आणि ती सगळी कुठं गेली, हा प्रश्न वाचताना तुम्हाला पडला नाही. कस्तुराबाईचा पाय मोडला तेव्हा तुम्ही वाचत होतात. तो बोटभर आखूड झाला तेव्हाही होतात. पण ते कंसात होतं, आणि तुम्हाला बिलोलीला जायची घाई होती. साट्यालोट्याला हसताना तिच्या घरी कोण आहे, तिचं भागतं कसं, हे एकदाही मनात आलं नाही. मनाला लावून घेऊ नका. कुणी विचारलंच, तर आम्ही सांगू की तुम्ही आमच्याबरोबर लग्नात होतात.